मामांची गाडी आणि मामीचा दोरा

शनिवार, दुपार
(मुक्काम शेवटी लिहिला आहे.)

तीर्थस्वरूप रुपरावमामा यांना अश्विनचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? थंडी सुरू झाली आहे, तेव्हा तेल कोमट करून लावावे (गुडघ्याला, गाडीचे मी बदलले आहे). प्रताप नगरात आई खुशाल आहे. गाडी अंगणात उभी राहिल्यापासून तिला तुळशीला फेरा मारता येत नाही, पण तिची तक्रार नाही. ती फक्त रोज सांगते.

मामा, तुमच्या गाडीसारखी गाडी नाही. तीन लाख सत्तर हजार किलोमीटर चालूनही तिचा आवाज सभेत भाषण करणाऱ्या वडीलधाऱ्यासारखा आहे. सुरू व्हायला वेळ लागतो, पण एकदा लागला की कोणाच्याने थांबत नाही. महाल भागातल्या गोलू मिस्त्रीने बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिले आणि म्हणाला, "भाऊ, असं लोखंड आता नाही भेटत. हिले विकू नोको गा." मी म्हटले, विकणारे मामा आहेत. (हे तक्रार म्हणून लिहिलेले नाही.) इंजिनचे तेल, सगळे फिल्टर, झिजलेले रबरी बुश, ब्रेक, सगळे नवे केले. मागचे स्प्रिंगचे पाटेही बदलले, त्यामुळे खड्ड्यात आता डोके छताला लागत नाही, फक्त केस लागतात. टायर खास चिखलाचे, खोल नक्षीचे घेतले आणि त्यांना चिखल लागू नये म्हणून आजवर गाडी डांबरी रस्त्यावरच चालवली.

तुमची अट माझ्या लक्षात आहे. "रविवारी माह्या डोयासमोर नाल्यातून शेतावर चढवून दाखव, कागद तुह्या नावावर करतो. नाही तं चंपतराव मांगूनच राहिला." चंपतरावकाका तुमचे शेजारी आहेत, चांगले आहेत, पण ते मागची सीट काढून तिथे संत्र्यांचे क्रेट ठेवणार. या विचाराने मला जेवण जात नाही. ती सीट मी ब्रशने घासली आहे.

चारही चाकांची ताकद हवी असेल तर नुसता आतला दांडा ओढून भागत नाही, खाली उतरून पुढच्या प्रत्येक चाकाच्या मध्यभागी असलेली चकती हाताने फिरवावी लागते, हे तुम्हीच शिकवले. दसऱ्याला मामीने गाडीला हळदकुंकू लावले, झेंडूचा हार घातला आणि त्या दोन्ही चकत्यांना, चाकाच्या भोकांतून ओवून, लाल दोरा घट्ट बांधला. हार मी उतरवला. दोऱ्याबद्दल मामी म्हणाली होती, "हा मीच सोडीन. तू हात नोको लावू गा, तुह्या जिवासाठी बांधला." म्हणून चाके धुताना मी दोऱ्यावर प्लास्टिकची पिशवी बांधतो.

मामीस नमस्कार. तुमच्या आशीर्वादाचा आणि तुमच्या गाडीचा,
अश्विन

ता. क. मुक्काम : तुमचा नाला. उद्याच्या परीक्षेचा सराव करावा म्हणून आलो होतो. मागची दोन चाके फार सुंदर फिरतात. पुढची दोन बघत बसली आहेत. फोनला रेंज नाही, म्हणून हे पत्र कापूस वेचून घरी निघालेल्या शोभाताईंच्या हाती पाठवत आहे.

ता. क. पुन्हा : चंपतरावकाका बांधावर आले आहेत. "काहून गा भाचे, गाडीले आंघोय घालून राहिला का? ट्रॅक्टर लावू?" असे त्यांनी विचारले. "नाही काका, चिखल पाहून राहिलो," असे मी सांगितले. त्यांनी ट्रॅक्टर लावला तर गाडी कोणाकडे जाईल हे मला कळते. ते सुपारी कातरत बसले आहेत.

ता. क. शेवटचा : गाडीत चाकू आहे, त्याला धारही मीच लावली आहे. पण मामीचा दोरा माझ्या हातून कापला जाणार नाही. तरी मामीला ताबडतोब घेऊन यावे. दोरा सुटला की चकत्या फिरतील, ही तुमच्या समोर चारही चाकांनी वर येईल, आणि तीच उद्याची परीक्षा धरावी. बैलजोडीही आणावी, पण मामीच्या बरीच मागून, आणि चंपतरावकाकांना दिसणार नाही अशी.