हसमुखभाईंच्या हातातला गेन

२८ सप्टें. २०१३, शनि.
गरब्याच्या मैदानावर नवीन साउंड लागला. जाड केबलची भेंडोळी गेली, आता एक बारीक नेटवर्कची तार. स्टेजवर एकच पेटी, सगळे माइक तिच्यात. समोरच्या टेबलावर मी, लोकांसाठी. स्टेजच्या कडेला हसमुखभाई, गायकांच्या कानांसाठी. पूर्वी दोघांचे गेन, म्हणजे माइकचा आवाज किती उचलायचा ते बटण, वेगळे होते. आता एकच; एकाने वाढवला की दोघांकडे आवाज वाढतो. गावी पाटाचं पाणी असंच. दार एक, शेतं दोन.
बसवणारा म्हणाला, गेन एकाच्याच हातात ठेवा. हसमुखभाईंना दिला. हे काम मला त्यांनीच शिकवलं. माझ्या टेबलावर भरपाई चालू केली. त्यांनी वाढवला की माझ्याकडे आपोआप तेवढा उतरतो.

१ ऑक्टो., मंगळ.
दुपारी तालीम. गाणाऱ्या भाविनीबेनच्या माइकचा गेन सकाळपेक्षा बराच वर. मी हात लावलेला नाही. त्यांनी इअरफोन उपटून काढले. "काका, कानमां खीला ठोको छो?"
हसमुखभाई हसले. "बेटा, हजी तो धीमुं छे."
त्यांना खरंच धीमं वाटत होतं. नंतर चहाला हाक मारली, डाव्या बाजूने. वळले नाहीत.
बाहेर कुणाला पत्ता नाही. भरपाई सगळं झाकून घेते. मीही.

३ ऑक्टो., गुरु.
फतेगंजला चहाच्या लारीवर धीर करून म्हटलं, "हसमुखभाई, एकदा कान दाखवून या ना."
"मारा कान? अरे राव, तारा कान साफ कर!" लारीवालाही हसला. मग पेला ठेवून, हळू: "तें शेठने कह्युं?"
नाही म्हणालो.
"आ नवरात्री जवा दे. घरे बेसीने शुं करीश?"
परतताना देवळाशी थांबलो. आत गेलो नाही. काय मागणार?

४ ऑक्टो., शुक्र. सर्वपित्री.
वडिलांचं पान ठेवून मैदानावर, तालमीला. वरच्या सुरात भाविनीबेनचा आवाज फाटला. गेन फार वर गेला की पेटीतच फाटतो, मग माझ्याकडे कितीही उतरवा, उपयोग नाही.
आमचे शेठ धावत आले. "गेन कोना हाथमां छे?"
"माझ्या," म्हणालो.
"तो संभाळो ने! आवती काले फरी फाट्युं तो बीजो माणस बेसाडीश."
हसमुखभाई तिकडे मान डोलावत होते. ऐकलं नसावं.

५ ऑक्टो., शनि. घटस्थापना.
सकाळी घरी घट बसवला. हात जोडून हसमुखभाईंचं नाव घेतलं.
त्यांच्या आधी मैदानावर पोचलो. गेन माझ्या टेबलावर घेतला, त्यांच्याकडचा बंद केला. आल्यावर सांगायचं ठरवलं होतं. ते आले, नवा कुर्ता, खुशीत. नाही सांगितलं.
तालमीत लांबून दिसलं, बटण फिरवतायत. पुन्हा फिरवतायत. मग हाताने बोलावलं. "राव, आ चालतुं नथी. तार जो ने."
गुडघ्यावर बसलो. धड असलेली तार काढली, पुसली, परत लावली.
"आता?" मी विचारलं.
भाविनीबेन वरून म्हणाल्या, "आज मस्त छे, काका!"
हसमुखभाईंनी बटण आणखी थोडं फिरवलं. गायिकेकडे बघितलं, मग माझ्याकडे. बराच वेळ.
"हां. हवे बराबर," म्हणाले, आणि बोट बटणावरच ठेवलं.
आरतीला लोक जमतायत. मी अजून सांगितलेलं नाही. त्यांनीही विचारलेलं नाही.