शिडाच्या नावेतील बिऱ्हाडाबाबत खुलासा

चिंचवड,
ता. ११ ऑगस्ट १९५७

तीर्थरूप मामांच्या सेवेशी,

ज्योतीरामचा दोन्ही हात जोडून नमस्कार. मी इकडे बरा आहे. आपला गुडघा, सासूबाईंचा खोकला आणि बार्शीचा पाऊस यांची खुशाली कळवावी. बाळाला आशीर्वाद. त्याचे नाक माझ्यावर गेले आहे असे रुक्मिणीने कळवले होते. आपल्या पत्रात ते आपल्यावर गेल्याचे वाचले. नवी नोकरी, रजा मिळत नाही, त्यामुळे मी बाळाला अजून पाहिलेले नाही. म्हणून वाद घालत नाही.

आपले पाकीट मिळाले. कड दोनदा चिकटवलेली दिसली. (पोस्टाचा डिंक इतका पिवळा नसतो. मी कोणाचे नाव घेत नाही.) ‘आधी खिडक्या, मग रुक्मिणी आणि बाळ,’ हे आपले वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. त्यात चूक काढण्यासारखे काही नाही. गळक्या घरात तान्हे मूल कोण पाठवील? मात्र मी नावेत राहतो ही बातमी आपल्याला दत्तोबाने दिली, याबद्दल माझी खात्री आहे. दत्तोबा आपल्याच गल्लीतला, आणि इथे माझ्याच कारखान्यात दुसऱ्या शिफ्टला. मागे तो माझ्याकडे चहाला आला. खिडकीखाली बसला. उठला तेव्हा त्याचा सदरा पाठीवर भिजलेला होता. त्याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. भिजूनही न बोलणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही.

‘सागवानी, हवेशीर, सहा खिडक्यांची खोली’ असे मी आपल्याला लिहिले होते. त्यात एकही शब्द खोटा नाही. ती नाव आहे हे लिहायचे राहिले. (कार्डावर जागा नव्हती.) इकडची परिस्थिती आपण पाहिलेली नाही. जिथे ज्वारी होती तिथे कारखान्यांची कुंपणे आली, आणि जिथे गुरे होती तिथे बिऱ्हाडे आली. खोली शोधणारा माणूस गोठ्यात डोकावतो आणि म्हशीकडे मत्सराने बघतो. माझे घरमालक आबाजी हे इथले जुने शेतकरी. खडकवासल्याच्या तलावावर कोणी गोरा साहेब ही शिडाची नाव फिरवीत असे. देश सोडताना त्याने ती आबाजींच्या गळ्यात घातली. पवनेवरून रावेतच्या बाजूला माणसांची ने-आण करावी, असा आबाजींचा बेत होता. पहिल्याच दिवशी डोलकाठी काठावरच्या जांभळीत अडकली आणि उतारू पाण्यातून चालत घरी गेले. (पाणी गुडघाभर होते.) तेव्हापासून नाव गोठ्याशेजारी दगडांवर उभी आहे. शीड कडब्याच्या गंजीवर आहे. डोलकाठीला दोरी बांधून आबाजींच्या पत्नी शालनबाई लुगडी वाळत घालतात. दुरून पाहिले तर आम्ही कुठेतरी निघालो आहोत असे वाटते.

खिडक्या गळतात हे मी आबाजींना सांगितले. ते हसले.

“अवो, पान्यात चालायची चीज हाय ती. वरच्या चार थेंबांनी तिला काय हुतंय?”

मी म्हटले, नावेला होत नसेल, पण मी भिजतो.

“मंग तुमी भिजताय, ज्योतीरामराव. नाव न्हाई भिजत.”

या उत्तरात कुठेतरी लबाडी आहे. ती नेमकी कुठे, हे मला अजून सापडलेले नाही.

आबाजींनी भिमाजी सुतारांना पाठवले. ते बैलगाड्या करतात. त्यांनी नावेभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि हिची चाकं कुठं ठेवलीत म्हणून विचारले. मग काचांभोवतीच्या फटीत लांबीचा लगदा भरला, वर डांबर फासले. पुढच्या पावसात पाणी त्याच ठिकाणी आले, त्याच वेगाने, जणू भिमाजींना ओळखतच नव्हते. मला वाटले, यांनी मुद्दाम थोडी फट ठेवली आहे. कारखान्यात रिकाम्या बाटल्या उजेडात धरून तडा शोधायचा, हे माझे काम. एका रविवारी मी त्या नजरेने चौकटी तपासल्या. काच ज्या खाचेत सरकते, त्या खाचेच्या तळाला दोन भोके होती. ती तिरकी खाली जाऊन बाहेर निघत होती. सहाही खिडक्यांना तशीच, सारख्या अंतरावर. काही कुंभारीण माशीने मातीने लिंपली होती, काही अर्धवट उघडी होती. उंदीर इतका व्यवस्थित नसतो. हे गिरमिटाचे काम होते, आणि गावात गिरमिट भिमाजींकडेच आहे. मी त्यांना तसे सरळ विचारले. ते म्हणाले, “राव, भोक पाडायचे बी पैसे घेतो मी. तुमच्यासाठी फुकट कशाला पाडू?” हे पटण्यासारखे होते, म्हणून मला ते अधिकच खटकले.

मी कोणाला न सांगता सगळी भोके मेण आणि चिंधीने बुजवली. त्यानंतरचा पाऊस मी विसरणार नाही. आधी थेंब येत असत. आता परात कलंडावी तसे पाणी अंथरुणावर आले. स्वतः केलेल्या कामावर संशय घेण्याची मला सवय नाही. म्हणून मी शालनबाईंवर घेतला. पाऊस थांबल्यावर त्यांना विनंती केली की मी आत बसतो, आपण बाहेरून खिडकीवर कळशी ओता. त्यांचा उत्साह मला जरा जास्त वाटला. “आजून टाकू का वो भाऊ? तुमचा आवाज कोरडा येतोय!” असे त्या विचारीत होत्या. मी पाहत होतो. पाणी काचेच्या कडेने खाचेत उतरले, खाच भरली, आणि भरलेली खाच आत सांडली. भोकातून आणखी किती पाणी आत येते हे पकडण्यासाठी मी मेण ओढून काढले. पाणी आत आले नाही. ते बाहेर गेले. बाहेरून शालनबाई ओरडल्या, “आता माज्या पायावर कशापायी सोडलं?”

मामा, यावर मी बराच विचार केला आहे. ज्याने ही नाव बांधली त्याला पाणी येणार हे पहिल्यापासून माहीत होते. त्याने ते थांबवले नाही. येऊ दिले आणि त्याला जायला वाट ठेवली. वाट ठेवली हे मात्र कोणाला सांगितले नाही. मी भोके कोरून साफ केली. त्यानंतर पाऊस झाला आहे, चांगला झाला आहे, आणि खिडक्यांखालचे निजायचे बाक कोरडे आहेत. इतके कोरडे की मी रात्री उठून हात लावून पाहतो. यामागे काय असावे?

असो. खिडक्या झाल्या. आता रुक्मिणी आणि बाळ यांना पाठवावे, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
ज्योतीराम

ता. क. काल मुसळधार पावसात दत्तोबाला चहाला बोलावले आणि त्याच खिडकीखाली बसवले. तो कोरडा गेला. ही बातमी तो आपल्याला कळवणार नाही, म्हणून मी कळवतो.

पुन्हा ता. क. आपले पत्र आता परत वाचले. खिडक्यांबद्दल त्यात एकच वाक्य आहे. बाकी सगळे बाळाबद्दल. तो आपल्या मांडीवरच निजतो, आपली मिशी धरतो, सासूबाईंच्या खोकल्यालासुद्धा हसतो. मला संशय येतो की गळती हे निमित्त असावे. तसे असेल तर माझा राग नाही. त्या घरात मी असतो तर मीही त्याला पाठवला नसता. पण मी इथे आहे, आणि ते नाक मला पाहायचे आहे. तेव्हा आपण स्वतःच त्याला घेऊन यावे आणि हवे तितके दिवस राहावे. नावेच्या पुढच्या टोकाला एका माणसाची निजायची जागा आहे. ती आपल्यासाठी झाडून ठेवली आहे.

आणखी एक. त्या जागेच्या बरोबर वर, छतात, सातवी खिडकी आहे. ती गळते की नाही, हे तिथे कोणी निजल्याशिवाय कळणार नाही.