लोकरीचा दोरा

मेहसाण्याजवळ, गुजरात
ता. १० डिसेंबर २०२४

ज्ञानबादादा,

धाकट्याचा रामराम घे. तुझी कंबर कशी हाय? मेंढरं माळावरच हायत का घरी आणलीस? काळी शेळी व्याली का? मी हितं बरा हाय.

हे पत्र एकट्यानं वाच. फोन केला की तू स्पीकर लावतोस आणि आई सगळं ऐकती, म्हणून लिवायला बसलोय. सातवी सोडल्यापास्नं पेन धरलं न्हवतं, अक्षर लावून घे.

हितला खोलीमालक कांदासुद्धा खात न्हाय. मी डेअरीत कामाला हाय असं त्याला सांगितलंय. रोज कोंबड्यांच्या संशोधन केंद्रावरच आंगूळ करतो, नखं घासतो, तरी पिसांचा वास जात न्हाय. म्हणून कुणाजवळ बसत न्हाय.

काम तसं हलकं. कोंबड्यांना दाणापाणी करायचं, आणि मॅडम सांगतील तवा कापायचं. भार्गवी मॅडम आपल्या सोलापूरच्या, शुक्रवार पेठेतल्या. हितं मराठी बोलणाऱ्या त्या एकट्याच. ब्रॉयलर, कडकनाथ, असील, गावठी, कुठल्याबी जातीचं कापलं की छातीचा तुकडा लगेच धूर निघणाऱ्या गार डब्यात टाकत्यात. कुणाचं मांस मऊ, कुणाचं चिवट, ते का, हे शोधत्यात.

मी म्हणलो, "जात वेगळी म्हणून की, मॅडम!"

"अरे, जनुकं बरीचशी सारखीच असतात. पण एखादं ब्रॉयलरमध्ये ओरडत असतं आणि गावठीत कुजबुजतं. कोण किती बोलतंय, तेच आम्ही मोजतो."

"म्हंजे मी आणि माझा दादा. आई एकच. मी बोंबलणारा, त्यो मुका."

लई हसल्या.

त्यांना अस्सल गावठी कोंबडे पायजे होते. मीच फुशारकी मारली, आमच्या दुधनीच्या बाजारात बघा म्हणून. त्यांचा माणूस गेला, आणि टेंपोतनं खुराडी आली.

दादा, त्यातल्या एका तांबड्या कोंबड्याच्या डाव्या पायात काळ्या-पांढऱ्या लोकरीचा पिळलेला दोरा होता. आईची गाठ मी डोळं झाकूनबी वळखीन.

मी घरी आलो की लक्ष्मीआईला बळी द्यायचा म्हणून ठेवलेला त्योच कोंबडा. दिवाळीत आई फोनवर रडली, "मुंगसानं नेला रं. तुझं येणं देवीच्या मनात न्हाय." आई कोंबडा विकती तवा आधी दोरा कापती. हा दोरा तसाच होता. म्हंजे आईनं विकला न्हाय, आणि मुंगूस काय बाजारात जात न्हाय.

मी म्हणलो, "मॅडम, ह्यो राहू दे."

त्यांनी दोऱ्याला बोट लावलं. "घरचा आहे का रे?"

"न्हाय," म्हणलो. व्हय म्हणलो असतो तर घरच्यांनी का विकला तेबी सांगावं लागलं असतं.

मग मीच कापला. हळद न्हवती, कुंकू न्हवतं. दुधनी कुटल्या अंगाला ते ध्यानात येईना, तरी अंदाजानं तोंड तिकडं केलं. तुकडा डब्यात गेला, धूर निघाला, झालं.

तुझ्यावर राग न्हाय. माझं बूड एका जागी टिकत न्हाय. मेंढरं सोडली, पुण्यातलं हाटेल सोडलं, दर दसऱ्याला येतो येतो म्हणून बोंबललो. तू कधी उलटून बोलला न्हाईस. गपचिप कोंबडा बगलेत मारून बाजारात नेलास. तुझं बोलणं असंच असतंय. मला हितं ऐकू आलं.

आईला मुंगूसच सांगत राहा. हे पत्र चुलीत घाल.

दोरा पाकिटात ठेवलाय, धुतलाय. कुंपणात सापडला म्हण. एखादं तांबडं पिल्लू असंल तर आईच्याफुडं ने. पिल्लू तू धर, गाठ ती मारील. मग नुसता पिल्लाच्या पायाचा फोटो धाड, दुसरं काय बोलू नको. ते पिल्लू आरवायला लागायच्या आत मी दारात हाय.

फोटो आला न्हाय, तरी मी समजून घीन.

तुझ्याच आईचा,
बिरुदेव