कढई खुंटीवरच आहे

चंद्रीच्या बाबाले,

मामाजी गेले तेव्हा तुम्ही सांगितलं, बाबाचं वर्ष होईपर्यंत घरात सण नाही, चुलीवर कढई चढणार नाही. नाही चढवली. खुंटीवर लटकून आहे, वरचं जाळंसुद्धा तसंच आहे, हात लावून पाहा.

लाह्या फोडल्या त्या खापरात, तापल्या रेतीत. गुळाचा पाक गंजात केला. फोलपटं पोराईनं निवडली अन् लाडूही त्याईनंच वळले, म्हणून वाकडे आहेत. शेजारीण विचारत आली, "सासऱ्याचं वर्ष सरलं नाही, अन् लाह्या काऊन फोडून राहिली?" तिच्याही हातावर एक लाडू ठेवला.

धान मामाजींचंच होतं. पोळ्याले त्यांनी स्वतः निवडून दुपट्ट्यात बांधून ठेवलं होतं, दिवाळीले नातवाईच्या लाह्यांसाठी. तुम्ही तर आता त्यांचं नावही काढत नाही. पोरं रोज काढतात.

त्यांनी वावरात पाणी साठवायले बांधलेल्या बोडीच्या पाळीवर पहिला लाडू ठेवायले पोराईले घेऊन चालली. तुमचा शिंक्यात आहे. खायचा नसन तर बोडीवर या, अन् आजोबानं ठेवलेलं धान खाल्लेलं चालत नाही, हे पोराईले तुम्हीच सांगा.

चंद्रीची माय