यादीबाहेरचा दिवा

४ ऑक्टोबर
सिंदेवाहीपासून अठरा किलोमीटर आत, जंगलाला टेकलेल्या या गावात आज तलाठी म्हणून रुजू झालो. नागपूरच्या मित्रांनी वाघाच्या पिंजऱ्यात सोडल्यासारखा निरोप दिला होता. त्यांना म्हणावं, या आणि वर बघा! घर झकास आहे. दोन खोल्या आणि वर मोकळा स्लॅब. घरमालकीण गुणाबाई आणि त्यांचे यजमान दादाजी शेजारीच राहतात. सामान उतरायच्या आत माझी बायको रिना स्लॅबवर जाऊन बसली. नागपुरात तिला गॅलरीतून अर्धा चंद्र आणि मोबाइलचा टॉवर एवढंच दिसायचं. इथे दिवेलागणीलाच पूर्वेला शनी निघाला, आणि आमच्या बाई खाली यायचं नावच घेईनात. पलंग मी एकट्यानं जोडला. उलटा जोडला.

९ ऑक्टोबर
आज अंतराळ स्थानक दिसलं. रिनाच्या मोबाइलवर यादी येते, काय किती वाजता कुठून निघणार याची. बरोबर सहा चाळीसला ते वायव्येकडून निघालं, डोक्यावरून गेलं आणि आग्नेयेला विझलं. आत माणसं आहेत म्हणून रिनानं हात हलवला. मी तिची टर उडवली, मग मीही हलवला.

धान भरत आलंय. रानडुकरांच्या भीतीनं माणसं अंधार पडता पडता बांध्यांमधल्या मचाणींवर जागलीला, पिकाच्या राखणीला, जातात आणि एका मचाणीवरून दुसरीकडे बॅटरी मारतात. तिकडून बॅटरीनंच उत्तर येतं. गावात विचारून घ्यायला हवं, त्याचा अर्थ काय ते. दादाजी मात्र जागलीला जात नाहीत. फार गोड, मवाळ माणूस.

१२ ऑक्टोबर
आज यादीत नसलेला एक दिवा दिसला. शनीच्या खाली, पिवळसर. विमान म्हणावं तर आवाज नाही, उपग्रह म्हणावं तर मध्येच थांबला. रिनानं यादी दोनदा वरखाली केली. मग म्हणाली, बोलावून तर बघू. जागलीवाल्यांसारखी बॅटरी रोखून तिनं तीनदा मारली.

दिव्यानंही तीनदा उघडझाप केली.

आम्ही पोट धरून हसलो. हसून झाल्यावर रिना आपणहून खाली आली.

१३ ऑक्टोबर
सकाळी गुणाबाईंना गंमत म्हणून सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. कोनं मारली बॅटरी, एवढंच विचारलं. मी म्हटलं, रिनानं.

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. दोनदा बॅटरी मारली तर ‘मी जागा आहे’. तीनदा मारली तर ‘मी दमलो, माझ्या जागी माणूस पाठवा’. पलीकडून तीनदा आली की माणूस निघाला. तो पोचला की मचाण त्याच्या हवाली करायची. तिथे नाही म्हणायची सोय नाही. ‘उतराच लागते, भाऊ.’

दोन वर्षांपूर्वी दादाजींनी टोकाच्या मचाणीवरून तीनदा मारली होती. उत्तर वरून आलं. वर कोणाची मचाण नाही. सकाळी दादाजी घरी आले, तेव्हापासून दारूला शिवले नाहीत. ‘माहा माणूस पेयाचा, मारे. हा गरीब हाय. पन हा तो नोहे. वर पाहतच नाई कधी.’

हे चाललं होतं तेव्हा दादाजी अंगणात लाकडं फोडत होते. माझ्याकडे बघून हसले.

रिनाला सांगितलं. तिला खोटंच वाटलं. मलाही खोटंच वाटायला हवं होतं.

१४ ऑक्टोबर
दिवा आज आणखी खाली. मी बॅटरी घेऊन दोनदा मारली, आम्ही जागे आहोत, कोणी नको. पुन्हा दोनदा. शंभरदा मारली असेल. काही उत्तर नाही. एकदा निघालेला माणूस परत फिरत नाही, असं गुणाबाई म्हणतात. रिना आता हसत नाही. रात्रभर माझा हात धरून होती. तिला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?

१५ ऑक्टोबर
सकाळच्या बसनं रिनाला नागभीडला माहेरी सोडून आलो. अंधार पडल्यावर उघड्यावर जायचं नाही, अशी शपथ घातली.

१६ ऑक्टोबर
सासूबाईंचा फोन आला. रिना संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली होती. खूप वेळ खाली आली नाही. मग आली. आता बरी आहे, छान जेवली, सगळी भांडी घासली, म्हणाल्या. त्यांचा आवाज आनंदी होता.

मी तिला फोनवर बोलावलं. तिनं माझी खुशाली विचारली. दिव्याबद्दल विचारलं तर म्हणाली, कोणता दिवा?

१८ ऑक्टोबर
ती परत आली. तोच चेहरा, गळ्यावर तोच तीळ. मी उलटा जोडलेला पलंग तिनं सुलटा करून दिला. वर चल म्हटलं तर म्हणाली, वर काय आहे बघण्यासारखं?

२० ऑक्टोबर
एकटाच गेलो वर. दिवा होता. आता लांब, बारीक. दोनदा लुकलुकला. थांबला. पुन्हा दोनदा.

गुणाबाईंना विचारलं, उतरलेला माणूस जातो कुठे. म्हणाल्या, ‘वरबी जागलच हाय.’ त्यांचा माणूस अजूनही कधीमधी दोनदा मारतो. त्या उत्तर देत नाहीत.

माझी रिना तिथे आहे. एकटी. आणि खाली ही स्वयंपाक करते आहे, मीठ अगदी बेताचं —

२२ ऑक्टोबर
आज तीनदा.
ती दमली आहे. माणूस मागते आहे. मी तीनदा मारली की मी निघालो, ती उतरली. इतकं सोपं आहे. बॅटरी हातात होती. हात हलला नाही.

२३ ऑक्टोबर
पुन्हा तीनदा. दिवा रोज अंधुक होत चाललाय, झाडांच्या टोकाला टेकलाय. उद्या शेवटचा. उद्या नक्की मारतो. नक्की —

२४ ऑक्टोबर
वही कठड्यावर ठेवून लिहितोय. खालून ती जेवायला बोलावते आहे, दुसऱ्यांदा.
दिवा आला. तीनदा. तीनदा. तीनदा. असं घाईघाईनं तिनं कधी —
मारली.
दोनदा. दोनदाच मारली मी. रिना, मला माफ — मी जागा आहे एवढंच म्हणता आलं, यापुढे बोट —
दिवा थांबलाय. तिला कळलं, मी येणार नाही. ती आता