शिसपेन्सिलीचा दगड

आप्पा, देगलूरकडच्या त्या विहिरीत तुम्ही शेवटचा सुरुंग लावला, तेव्हा मी काठावर तुमची भाकरी घेऊन बसले होते. धूर निवळल्यावर तुम्ही उतरलात, दगडाला कान लावला, आणि वर येऊन म्हणालात, "मालक, इथं पाणी न्हाई. बुजवून टाका." मालक हसले. "पायाला चिखल लागलाय की रे! सुरुंगवाला भोकाला भिऊन राहिला." विहीर बुजवली, पण त्यानंतर लोह्यापर्यंतच्या कुठल्याच गावात कुणी तुम्हाला विहिरीला बोलावलं नाही. घरी चुलीपुढे तुम्ही खिशातून एक राखाडी, चमकणारा दगड काढून मला दिला. कागदावर ओढला की उमटायचा. "शिसपेन्सिल हाय," म्हणालात. पाणी होतं ना, मी विचारलं. "होतं. वास मारत होतं. दगड आतून सडलाय, माय. कुणाला सांगू नको."

मी भूगर्भशास्त्र शिकले. एके दिवशी तो दगड बशीवर ओढला, तर रेघ हिरवट आली. शिसपेन्सिलीची तशी येत नाही. ते मॉलिब्डेनाइट होतं, मॉलिब्डेनम धातूचं खनिज. या नावाचं मूळही शिशातच आहे; तुमच्यासारखीच फसगत फार जुन्या माणसांची झाली होती. खोल जमिनीत शिलारस गोठत जातो, तेव्हा त्यातलं पाणी दगडात मावत नाही. तापलेलं, गंधक, तांबं आणि मॉलिब्डेनम पोटात घेतलेलं ते पाणी शेवटी उरतं. दाब वाढतो, वरचा खडक तडकतो. पाणी भेगांत शिरतं आणि निवताना धातू तिथंच टाकून जातं. भेगा बंद होतात. मग कोट्यवधी वर्षं काही होत नाही. कुणी उघडलं, हवा लागली, की तोच गंधक पाण्याचं आम्ल करतो. तुम्ही त्याला सडणं म्हणालात.

आज त्याच शेतात त्या धातूसाठी आमच्या कंपनीचं ड्रिलिंग चालू आहे. सकाळी छिद्रातून पाणी उसळलं. मालकांचा नातू ओंजळ पुढे करून धावत आला. "मॅडम, पाणी लागलं की!"

"पिऊ नका. वास बघा आधी."

तो हसला. "भिऊन राहिलात का मॅडम?"

उतारावर हापसा आहे, तिथं बाया घागरी लावून उभ्या आहेत. मी हे लिहिते आहे आणि पाणी तिकडं बारीक रेघ ओढत चाललं आहे.

हा कागद दगडाभोवती गुंडाळून ठेवीन. एकच सांगायचं राहिलं. ती बुजवलेली विहीर कुठल्याच नकाशावर नव्हती. मला कुणी विचारलंही नव्हतं. मीच कंपनीला बोट ठेवून दाखवली.