अंगठे रस्त्याकडं

कोडोली, ता. २४ जानेवारी २०२५

चि. संयोगितास, तानाआत्याचा आशीर्वाद. वि. वि.

फोन कानाला लावला की नुसतं घूं घूं ऐकू येतंय, म्हणून पत्र. चवथीपातुर शिकल्याचा एवढा तरी उपयोग.

माझा भाऊ आकाराम, तुजा आण्णा, जाऊन अठरा दिस झालं. बाराव्याला त्येची छत्री दिली, कापडं दिली. चपला तेवढ्या तुझ्या आईनं, झुंबरनं, पदराखाली धरल्या. दुसऱ्या दिशी बघते तर परत उंबऱ्याशी! टाचा घराकडं, अंगठे रस्त्याकडं, आकाराम ठेवायचा तशाच.

बत्तीस वर्सं फायरब्रिगेडच्या बंबावर काढली त्येनं. घंटा झाली की पाय थेट बुटात गेला पायजे, म्हणून ती सवय. रिटायर होऊन तेरा वर्सं झाली तरी सोडली न्हाय. मी लई बोलायचे, की घरात आल्यावर तू काय पळून जाणार हायस व्हय? नुसता हसायचा. पर आता कुठली घंटा वाजणार हाय? आनि झुंबर त्या चपलांजवळ भिताडाला टेकून बसलीया, ना बोलती ना जेवती. अशानं हीबी जायाची.

गेलेल्याच्या वस्तू दिल्या की ऱ्हायलेल्याचा जीव मोकळा होतोय. आमच्या गोठ्यावरचा ज्ञानू अनवाणी हिंडतोय, त्येला बसतील. फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, रविवारी, त्येलाच धाडते. झुंबरला सांग, ननंदेनं सांगितलंय. तुजी रजा संपायच्या आत हे उरकायचं. रडारड नको.

माया हाय ती हायच, लिवून दावायची गरज न्हाय.

तानाआत्या


कोल्हापूर, ता. १ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास, संयोगिताचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. तिनं चपलांवरची धूळ पदरानं पुसली फक्त. मी ठरवलं होतं, गुपचूप ज्ञानूकडं देऊन टाकायच्या. पण गुरुवारी जे झालं ते आधी ऐका.

सकाळी समोरच्या लालबीचाचींकडं गॅसच्या नळीनं पेट घेतला. त्यांची नात इरम ओरडतच बाहेर आली, की दादी आत हाय. गल्ली गोळा झाली. निम्मे मोबाईल वर धरून, निम्मे लांब. खरं सांगते आत्या, मीबी दारातच खिळले. आण्णा दर दसऱ्याला गल्लीत गॅसची टाकी पेटवून एकेका बाईकडनं ओल्या पोत्यानं विझवून घ्यायचे, आठवतंय न्हवं? मी चारदा विझवलीय. आईनं एकदाबी न्हाय. ती बादली धरून उभी राहायची आणि मला न्हाय बाई जमायचं म्हणून हसायची.

तीच आई उठली. पाय सरळ चपलांत गेले, खाली बघितलंबी न्हाय. दारातलं पोतं बादलीत बुडवलं आणि आत शिरली. चाचींना दंडाला धरून बाहेर ढकललं, पोतं टाकीच्या तोंडावर गुंडाळलं, खटका बंद केला. बंब आला तेव्हा नुसती वाफ होती. बंबावरच्या पोरांनी विचारलं, कुणी विझवलं, तर गल्लीनं आईकडं बोट केलं. ती पोरं तिच्या पायांकडंच बघत राहिली. सत्तरीला टेकलेली बाई आणि पायात चार बोटं मोठ्या, बाप्याच्या चपला.

घरी येऊन तिनं त्या काढल्या, वाकून फिरवल्या, अंगठे रस्त्याकडं. मग चहा मागितला. दोन कप प्याली.

आता नऊ तारखेला ज्ञानू आला की मी काय करू, सांगा. आणि डाव्या चपलेचा पट्टा एवढा सैल कसा? आई त्यात दोनदा अडखळली. ती म्हणते, मी पोटात असताना तुमच्या घरी चुलीवरचा हंडा कलंडून आण्णांचा पाय भाजला होता, त्याचं असेल. आणि बाराव्याला फोटोपुढं गुळाची पोळी ठेवली तर तुम्ही ताट बाजूला सारून साखरेचा शिरा करायला लावला. म्हातारी तऱ्हेवाईक झाली म्हणून आम्ही हसलो, माफ करा.

अशाच रागावत राहा, घर भरल्यासारखं वाटतं.

तुमची संयोगिता


कोडोली, ता. ९ फेब्रुवारी २०२५, ज्ञानूच्या हाती

चि. संयोगिता आनि झुंबर, दोघींस आशीर्वाद. वि. वि.

पोरी, हे आईला मोठ्यानं वाचून दाव.

हंडा कलंडला न्हवताच. त्या साली एका गुळाच्या गोदामाला आग लागलेली. गूळ पेटला की पाण्यावानी वाहतोय, पर अंगाला लागला की पाण्यावानी सोडत न्हाय. आकारामनं तीन हमाल भाईर काढले आनि परत आत गेला. चवथ्याला घेऊन आला तवा डावा बूट उकळत्या गुळानं भरलेला. बूट काढताना कातडं संगं आलं. बंबावरच्या दोस्तांना गप बसवलं आनि दवाखान्यातनं थेट माझ्याकडं आला. वीस दिस मी पट्टी केली. इचारलं, ल्येका, परत कशापायी गेलास? तर म्हणाला, अक्का, आत चौघं व्हते, भाईर मोजले तर तीनच भरले. एवढंच. जसं काय शेळ्या मोजत व्हता!

पाऊल वाकडं झालं ते झालंच. गुळाचा वास त्येला कधी सोसला न्हाय. मला शपथ घातली, की झुंबरला कळलं तर ती पुन्ना कामावर सोडायची न्हाय, हंडा कलंडला म्हणून सांग. झुंबर, तू मला वर्सभर बोल लावलास, की ननंदेला चूल सांभाळता येत न्हाय. मी ऐकून घेतलं.

छत्तीस वर्सं शपथ पाळली, आज मोडली. जी बाई पेटत्या टाकीला हात घालती तिच्यापास्नं आता काय झाकायचं? आकाराम तुला भित्री समजायचा. मीबी. दोघं चुकलो.

मी कुणाचं कवतिक करत न्हाय. पर संयोगिताचं पत्र वाचलं आनि चूल पेटवायची इसरले. दुपारपातुर तशीच बसले.

ज्ञानूला रिकाम्या हातानं परत लावून द्या. त्येला मी बाजारातनं नव्या घेतल्या. आकारामच्या हाईत तिथंच ऱ्हाऊ देत. डावा पट्टा तेवढा झुंबरच्या मापाचा आवळून घ्या, परत धावायला लागलं तर पडायची.

काल माज्याबी चपला उंबऱ्याशी फिरवल्या. गुडघे गेलेत, उडी काय जमायची न्हाय. पर ठेवल्यात, अंगठे रस्त्याकडं.

दूध पीत जा दोघी. बाकी माया तुमाला ठाव हाय.

तानाआत्या